भिंगरीची जीभ

भिंगरी हे त्यांचं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. पण खऱ्या नावाने हाक मारली तर ते स्वतःच मागे वळून बघत नाहीत, म्हणून मीही ते वापरत नाही. शाळेत एका मास्तरांनी वैतागून विचारलं, "अरे, माणूस आहेस की भिंगरी?" आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. मी त्यांना भावजी म्हणते. आमच्या यांचे ते लहानपणापासूनचे मित्र. एकाच गल्लीत वाढलेले, एकाच मैदानावर गुडघे फोडून घेतलेले आणि पुढे एकामागून एक याच परक्या देशात येऊन पडलेले.

भावजी खुर्चीवर बसतात, पण टेकत नाहीत. चहा घेतात तो उभ्याने, आणि तोही फेऱ्या मारत. माझी फरशी पुसताना थेंबांच्या माळेवरून मला कळतं की आज भावजी कुठून कुठे हिंडले. त्यांचं लग्न झालं नाही, त्याचीही गोष्ट आहे. मुलगी बघायला गेले, तर त्या घरचा पंखा कुरकुरत होता. मुलगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा नवरदेव स्टुलावर चढून पंखा उघडून बसलेले, हात काळे, तोंडात स्क्रू. मुलीच्या वडिलांनी पंखा पुरता दुरुस्त करून घेतला आणि दुसऱ्या दिवशी नकार कळवला.

धंद्याने ते फ्रिज, एसी, शीतगृहं दुरुस्त करणारे. कॉम्प्रेसरचा आवाज दारातून ऐकून काय बिघडलंय ते सांगतात. पण मला त्यांच्या कानांपेक्षा जिभेचं आणि नाकाचं जास्त नवल. माझ्या स्वयंपाकघराच्या दारात आले की पहिलं वाक्य, "वहिनी, मोहरी जरा जास्त झाली बरं का." पातेल्यावर झाकण, ते दारात, तरी कळायचं. लोणच्याच्या दोन बरण्या समोर ठेवल्या तर कुठली आधी घातली ते जिभेच्या टोकाने चाखून सांगायचे. आमचे हे म्हणत, "याला सासू मिळाली असती तर बिचारीचं काही खरं नव्हतं."

या माणसाने आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. वडील पिण्यातच गेले. ते गेले त्याच आठवड्यात आईने, म्हणजे आमच्या काकूंनी, पोराचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून वचन घेतलं. तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं त्यांना. पुढे नोकरीत, पार्ट्यांत, परदेशात, सगळ्यांनी आग्रह केला, चिडवलं, एकाने तर सरबतात मिसळून दिलं. ग्लास ओठाशी नेण्याआधीच वासावरून ओळखलं आणि ग्लास कुंडीत ओतला. काकू अजून गावीच आहेत. तिकडे दिवेलागण झाली की इकडे भावजींचा फोन वाजतो. पहिला प्रश्न जेवलास का, दुसरा प्रश्न तोच. "हात लावला नाहीस ना?"

"नाही आई."

असा माणूस दारूच्या धंद्यात पडला. देवाच्या मनात काय असतं ते देव जाणे.

झालं असं. एका म्हाताऱ्या मालकाच्या वाइनच्या कोठारातलं थंड करायचं यंत्र बंद पडलं म्हणून भावजी दुरुस्तीला गेले. म्हाताऱ्याची द्राक्षबाग उतारावर, मुलं शहरांत पांगलेली, कुणाला मातीत हात घालायचा नाही. यंत्र सुरू झालं आणि भावजी बागेत शिरले ते संध्याकाळीच बाहेर आले. थेट आमच्या दारात. बूट न काढता. "ऐका ना, म्हातारा बाग खंडाने देतोय!"

त्या वेळी घरात माळीभाऊ पण होते. त्या बालमित्रांतले ते तिसरे, एका रोपवाटिकेत कामाला; बोलणं थोडं, हसणं फार. आमचे हे एका गोदामावर देखरेख करायचे आणि पन्नाशीला टेकले होते. पन्नाशी आली की माणसाला एक तर गुडघे आठवतात, नाहीतर स्वप्नं. यांचे गुडघे ठणठणीत होते.

मी म्हटलं, "द्राक्षं पिकवा, विका, मुरंबा करा. दारू कशाला?"

"दारू काय म्हणतेस? वाइन म्हण."

"नाव बदललं म्हणून देव फसत नाही."

पण तिघांनी ठरवलं ते ठरवलं. बागेला लागून म्हाताऱ्याचं बुटक्या छपराचं घर होतं, तिथे आम्ही राहायला गेलो. मागच्या बाजूला भावजींची खोली, माळीभाऊंची खोली, आणि अंगण ओलांडलं की कोठार. मी दोनच गोष्टी सांगितल्या. घरात बाटली येणार नाही, आणि त्या कोठाराचा उंबरा मी ओलांडणार नाही. दोन्ही मान्य झाल्या. माझी देवाची जागा पूर्वेच्या भिंतीशी केली, म्हणजे हात जोडताना कोठाराकडे पाठ.

काकूंना काय सांगायचं? भावजींनी सांगितलं, "द्राक्षाची बाग घेतलीय." काकूंनीच विचारलं, "बेदाणे करणार का?" भावजी म्हणाले, "हं." तो एक हं किती वाढला! काकू गल्लीभर सांगत सुटल्या, माझ्या मुलाचा बेदाण्यांचा कारखाना आहे. मग त्यांनी थोडे मागवले. भावजींनी दुकानातून बेदाणे आणले, वेष्टण फाडून साध्या पिशवीत भरले आणि गावी जाणाऱ्या एकाबरोबर पाठवले. काकूंचा फोन आला, "गोड आहेत हो!" त्या दिवशी भावजी माझ्या स्वयंपाकघरात इतके फिरले की मलाच गरगरायला लागलं.

पहिली तोडणी झाली तेव्हा त्यांच्या जिभेची खरी किंमत कळली. रोज सकाळी ते ओळीओळीतून हिंडायचे, मणी तोंडात टाकायचे, साल चावायचे, बी दाढेखाली फोडायचे. "वरच्या ओळी आज तोडा. खालच्या नकोत, बी अजून हिरवं लागतंय." म्हातारा मालक काठी टेकत मागे मागे. त्याने स्वतः मणी चाखला, मान हलवली आणि म्हणाला, या माणसाला जपा. हे आमच्या यांनी मला दहा वेळा सांगितलं, जणू जीभ यांचीच.

मग द्राक्षं चेचून सालींसकट मोठ्या उघड्या टाक्यांत गेली आणि आंबायला लागली. घरभर वास. उदबत्ती लावली तरी वास. साली फुगून वर येतात, त्यांचा जाड थर होतो, तो लांब दांड्याने सारखा खाली दाबावा लागतो. हे काम भावजींसाठीच देवाने निर्माण केलं असावं. दिवसभर एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर, दांडा खाली, दांडा वर. आम्हाला वाटलं, आता हा माणूस ठिकाणावर आला.

पण नेमकी त्याच सुमारास म्हाताऱ्याच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली आणि मुलगी त्याला शहरात घेऊन गेली. जाताना त्याने एकच शिकवण पुन्हा पुन्हा सांगितली. रंग सालीतून येतो, तुरटपणाही सालीतून आणि बीतून. साली लवकर काढल्या तर वाइन पाण्यासारखी पातळ. उशीर झाला तर चहाची भुकटी चावल्यासारखी, मग वर्षानुवर्षं ठेवली तरी सुधारत नाही. मधला क्षण एकच. तो नाकाला कळत नाही, जिभेलाच कळतो. सकाळ-संध्याकाळ चाखा, तोंडभर घोळवा, थुंका. जिभेच्या कडा धरल्यासारख्या झाल्या पण घसा मोकळा राहिला, की लगेच पिळायला घ्या.

चाखायला घेतलं. आमच्या यांच्या जिभेवर वीस वर्षांच्या तंबाखूचा गिलावा. यांनी चूळ भरली, डोळे मिटले, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "आंबट आहे."

"भारी आहे," माळीभाऊ म्हणाले. माळीभाऊंना सगळंच भारी लागतं. माझी फसलेली आमटीसुद्धा.

"काल काय होतं?"

"काल पण भारी होतं."

म्हाताऱ्याला फोन केला. तो तिकडे डोळ्याला पट्टी बांधून पडलेला. म्हणाला, फोनमधून जीभ बाहेर काढू कशी? तुमच्याकडे तो फिरता माणूस आहे ना, त्याला विचारा.

फिरता माणूस कोठारात यायचा, टाकीवर वाकायचा, खोल वास घ्यायचा. "फुलांचा वास गेला, आता मसाल्याचा येतोय. गोडवा संपलाय. पण तुरटपणा नाकाला कळत नाही रे, नाही कळत!" आणि अंगणात जाऊन फेऱ्या. इकडे एकेक दिवस चाललेला. गोदामाची नोकरी यांनी सोडली होती, माळीभाऊंनी रोपवाटिका सोडली होती. टाक्यांमध्ये होतं तेच काय ते तिघांचं. ते बिघडलं तर खंडाची मुदत वाढवायला तोंड नव्हतं.

त्या दुपारी तिघेही माझ्या स्वयंपाकघरात आले. मी कणीक मळत होते. सुरुवात यांनी केली.

"शपथ पिण्याची आहे. चाखण्याची नाही. थुंकायचंच तर आहे!"

"अरे पण तोंडात तर जाईल ना," भावजी म्हणाले. दारातून ओट्यापर्यंत, ओट्यापासून दारापर्यंत.

माळीभाऊंना तेवढ्यात सुचलं. "वहिनी उपास करतात. त्या दिवशी चूळ भरतात की नाही? चूळ भरल्याने उपास मोडतो का? वहिनी, तुम्हीच सांगा."

तिघे माझ्याकडे बघायला लागले. भावजीसुद्धा थांबले. त्यांच्या डोळ्यांत असं काही होतं की मी कणकेत नजर घातली. मी "मोडत नाही" म्हटलं असतं तर ते तसेच कोठारात गेले असते. माझ्या शब्दावर त्यांचा फार भरवसा. उपास करणाऱ्या बाईला लोक उगाचच शहाणी समजतात.

मी म्हटलं, "निर्जळी उपासाला मी चूळ भरते, पण घशाला कोरड पडली असताना भरत नाही. कारण तेव्हा थोडं आत जातं. आणि ते जातं हे मला कळतं."

"म्हणजे मोडतो?" यांनी विचारलं.

"माझा उपास माझा असतो, म्हणून ते मी ठरवते. ही शपथ काकूंच्या डोक्यावरची आहे. सोडवायची तर त्यांनीच."

हे भडकले. "देव्हाऱ्यातली अक्कल टाकीत घालू नकोस!"

"मग टाकीतलं भांडण माझ्या ओट्यावर आणू नका."

माळीभाऊ पहिल्यांदाच हसले नाहीत. हे पाय आपटत बाहेर गेले. भावजी मात्र तिथेच उभे. माझ्या डब्यांची झाकणं एकेक करून फिरवून घट्ट करत होते. म्हणाले, "वहिनी, आईला बेदाण्यांचं पण सांगावं लागेल."

"लागेल."

"सगळंच?"

"अर्धं सांगून बघितलंत ना एकदा?"

त्या दिवशी काकूंच्या फोनची वाट न बघता त्यांनीच लावला. अंगणात, द्राक्षांच्या रिकाम्या खोक्यांभोवती फिरत. मला खिडकीतून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. बोलले, बोलले, मग थांबले. मग फोन कानापासून दूर धरून बघितला. काकूंनी ठेवून दिला होता.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला फोन आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी काय सांगू त्या दिवसांचं! मी देवापुढे बसायची, ओठ चालायचे आणि कान अंगणात. स्तोत्राची एकच ओळ तीनदा म्हटली गेली आणि पुढची विसरली. हे माझ्याशी बोलत नव्हते, फक्त मीठ मागत होते. सकाळ-संध्याकाळ कोठारातून यांचं "आंबट" आणि माळीभाऊंचं "भारी" ऐकू यायचं. भावजी दांडा दाबत राहिले. एकदा मी अंगणातून बघितलं, ते टाकीच्या काठावर दोन्ही हात ठेवून वाकले होते आणि जीभ दातांखाली धरली होती.

काकूंचा फोन आला तो त्यांना नाही, मला. मी वाती वळत होते.

"कशी आहेस?" काकूंचा आवाज कोरडा.

"बरी आहे. काकू, भावजींचं—"

"थांब. मला बोलू दे. बेदाणे दुकानातले होते हे मला तेव्हाच कळलं होतं. एकाला देठ नव्हता. घरी वाळवलेल्या बेदाण्यात चार देठ तरी निघतात. म्हटलं, मुलगा काहीतरी लपवतोय, सांगेल तेव्हा सांगेल."

मी वातीचं टोक पुन्हा वळलं.

"त्याने त्या दिवशी मला विचारलं. आई, तोंडात घेऊ का, थुंकून टाकीन. आणि अगं, मला राग आला, इतका राग आला की फोन ठेवला. पण मग विचार करत बसले. इतकी वर्षं त्याच्या बापाबरोबर काढली. त्याने एकदा, एकदा तरी मला विचारलं असतं, घेऊ का म्हणून, तर मी..." पदराने नाक पुसल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "तू तिथे असशील का?"

"कुठे?"

"तो तोंडात घेईल तेव्हा. त्याच्या मित्रांवर माझा भरवसा नाही, ते पुरुष. तू समोर उभी राहा. थुंकतो की नाही ते बघ. चेहऱ्याकडे बघ. आणि मला खरं ते सांग. तू देवाधर्माची आहेस, तू खोटं नाही बोलणार."

मी त्या कोठाराचा उंबरा ओलांडणार नव्हते. हे काकूंना सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. दुसऱ्याच्या शपथेवर मी ऐटीत निवाडा दिला होता. आता माझी पाळी.

दुसऱ्या दिवशी अंघोळ, पूजा उरकली आणि अनवाणीच अंगण ओलांडलं. हे दारात उभे होते. मला बघून बाजूला झाले. आत थंड, ओलसर, आणि वास. तो वास वाईट नव्हता, हे मान्य करायला हवं. पिकलेल्या जांभळांचा आणि ओल्या लाकडाचा असतो तसा.

भावजींनी टाकीखालची तोटी उघडून ग्लासात थोडं घेतलं. मी बादली घेऊन समोर उभी राहिले. त्यांनी ग्लास ओठाला लावला, तोंडात घेतलं, गाल हलवले, आणि बादलीत थुंकले. सगळं थुंकले. मी बघितलं. मग कोठाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरी, परत फेरी.

"अरे बोल ना!" हे ओरडले.

"आज नाही. आज काढलं तर पातळ होईल. जिभेच्या कडा धरत नाहीत अजून, नुसतं हिरड्यांना लागतंय."

"उद्या?"

"उद्या बघू."

संध्याकाळी पुन्हा तेच. मी, बादली, ग्लास. "नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी थुंकल्याबरोबर हाताची मूठ वळली. "आता. आत्ता! पिळायचं यंत्र लावा, कडा धरल्यात, घसा मोकळा आहे. दुपार झाली तर गेलं."

मग जी धावपळ झाली! हे आणि माळीभाऊ फावड्यांनी साली ओढताहेत, नळ्या जोडल्या जाताहेत, यंत्राचा पेच फिरतोय, लालभडक धार पिंपात पडतेय. हे मला ओरडून म्हणाले, "बाजूला हो, तुझ्या साडीवर उडेल!" किती दिवसांनी माझ्याशी मीठ सोडून काही बोलले. मी बादली धुवायला मोरीकडे वळले, तर भावजी तिथे. नुसते उभे. एवढी गडबड चाललेली, आणि हा माणूस उभा. हलत नव्हता. मला त्या उभं राहण्याची भीती वाटली.

"भावजी, काय झालं?"

"वहिनी, आवडलं हो मला."

मी बादली खाली ठेवली.

"पहिल्यांदा नाही. पहिल्यांदा नुसतं काम होतं. आज... आज थुंकताना जीभ सोडत नव्हती. एवढुसं ठेवावं असं वाटलं. मी थुंकलो, सगळं थुंकलो, तुम्ही बघितलंत ना?"

"बघितलं."

"पण वाटलं. बाबांना असंच वाटत असेल का?"

मी म्हटलं, "तोंड धुवा आधी." त्यांनी पाण्याने चुळा भरल्या, एकामागून एक, मोरी लाल होऊन परत पांढरी होईपर्यंत. मग म्हणाले, "मला इथे एकटं सोडू नका. या दोघांना सांगू नका, हसतील. तुम्ही बघा." आणि पिंपांकडे पळत गेले.

त्या संध्याकाळी मी काकूंना फोन केला.

"थुंकला?"

"थुंकले. तिन्ही वेळा."

"चेहरा?"

वाटलं, म्हाताऱ्या बाईची झोप कशाला उडवा. पण त्यांनी माझ्यावर टाकलेला भरवसा असा नव्हता. मी सांगितलं, "शेवटच्या वेळी त्यांना आवडलं. त्यांनी स्वतः सांगितलं मला."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"स्वतः सांगितलं?"

"हो. घाबरलेत."

"घाबरला का?" काकू म्हणाल्या. "घाबरू दे. रोज घाबरू दे. तू रोज विचारत जा, आज वाटलं का म्हणून. मीही विचारीन. आता हात लावलास का असं नाही विचारणार. ते जुनं झालं."

वाइन आता लाकडी पिंपांत आहे. म्हातारा मालक परत आला, त्याने चाखली आणि ग्लास पुन्हा पुढे केला. हे तो प्रसंग आल्यागेल्याला सांगतात. बाटल्या भरायला अजून अवकाश आहे, आणि तोवर पिंपं अधूनमधून चाखावी लागतात, म्हणजे भावजींनी, माझ्यासमोर. कोठाराच्या दाराला त्यांनी स्वतःच कुलूप बसवलं, दोनदा तपासलं, आणि किल्ली मला दिली. काकूंचा फोन येतो. भावजी अंगणात फिरत बोलतात. कधी "नाही वाटलं" म्हणतात, कधी "वाटलं आई, आज वाटलं" म्हणतात आणि फोनवर खूप वेळ असतात.

काल दुपारी आमटी उकळत होती. ते स्वयंपाकघराच्या दारात आले, गेले, पुन्हा आले.

"वहिनी, किल्ली द्या. कॉम्प्रेसरचा आवाज बदललाय."

मला काही ऐकू आलं नाही. खरंच बदलला असेल, नसेलही. त्यांनाही ते माहीत होतं का, कोण जाणे. मी गॅस बंद केला, हात पुसले आणि किल्ली न देता पायात चपला सरकवल्या. ते अर्धं अंगण पुढे गेले, परत आले, पुन्हा पुढे गेले.

"या ना, वहिनी, लवकर!"